टप कापलेली गाडी

अग्निशामक दलाचा फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर आग येते. केशरी जाळ, काळा धूर, शिडीवर चढलेला जवान आणि खाली तोंड वर करून बघणारी गर्दी. गंमत अशी की इंग्लंडसारख्या देशात गेली काही वर्षं या लोकांना आगीपेक्षा दुसऱ्याच कामांसाठी जास्त वेळा पळावं लागतंय. पुराचं पाणी, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, आणि रस्त्यावर चेपलेल्या गाड्या. त्यातल्या चेपलेल्या गाड्यांमधून माणूस बाहेर काढायचं प्रशिक्षण, आणि त्या प्रशिक्षणाचे फोटो, हा आजच्या विकांताचा विषय. विषय ऐकून बायकोने "हा काय विषय झाला?" असा चेहरा केला. पण मंडळी, जरा धीर धरा. फोटोत झकास दिसणारी एक पद्धत कित्येक वर्षं सगळ्यात सुरक्षित मानली गेली, आणि तिच्याबद्दल पहिली मोठी शंका आली तीही कॅमेऱ्यामुळेच, अशी ही गोष्ट आहे.

सुरुवात मात्र आगीपासूनच करावी लागते, कारण कॅमेरा आधी तिकडेच गेला. ५ जुलै १८५३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो गावात पिठाच्या गिरण्यांना आग लागली. जॉर्ज बर्नार्ड नावाचा एक डॅगेरोटाइपवाला गावातच होता. त्याने जळत्या गिरण्यांचा फोटो काढला, वर त्यावर हाताने रंग भरून ज्वाळा लाल केल्या. (फोटोशॉपला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) बातमीचा फोटो म्हणून जे अगदी सुरुवातीचे नमुने दाखवतात त्यात हा एक. तेव्हाच्या प्लेटला एक्स्पोजर लागायचं काही सेकंदांचं. गिरणी बिचारी जागेवर उभी राहून जळते, पण बादली घेऊन धावणारा माणूस प्लेटवर उमटत नाही. त्यामुळे त्या काळातले फायरमन आपल्याला दिसतात ते आग विझल्यावर, बंबापुढे ओळीने उभे, मिशा पिळलेले, हातात कुऱ्हाड, नजर कॅमेऱ्यात. काम करताना नाहीतच.

काम करताना पकडायचं तर कॅमेरा वेगवान हवा आणि फोटोग्राफर त्याहून. न्यूयॉर्कचा वीजी (खरं नाव आर्थर फेलिग) हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. १९३८ पासून त्याच्या गाडीत पोलिसांच्या लहरी पकडणारा रेडिओ होता, म्हणजे आग असो, खून असो की मोटारीची टक्कर, हा गडी हजर. त्याचे फोटो जबरदस्त आहेत, यात वाद नाही. त्याची एक सवय मला फार आवडते, की तो मध्येच कॅमेरा वळवून बघ्यांचेच फोटो काढायचा. पण वीजीच्या फोटोंमधून एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे वाचवणारे नेमकं काय करतायत. त्याला शेवट हवा असायचा. मधली वीस मिनिटं त्याच्या कामाची नव्हती.

मधल्या वीस मिनिटांत रस असलेला माणूस वेगळाच. हम्फ्री जेनिंग्ज. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा सरकारी फिल्म युनिटसाठी त्याने 'फायर्स वेअर स्टार्टेड' नावाचा चित्रपट केला. तो १९४३ मध्ये आला. त्यात नट नाहीत, खरे फायरमन आहेत. आणि आगी खोट्या, म्हणजे खऱ्याच, पण बॉम्बने आधीच पडलेल्या गोदामांत मुद्दाम लावलेल्या. कारण उघड आहे. खऱ्या आगीत कॅमेरा लावून "साहेब, जरा परत शिडी चढता का" असं म्हणता येत नाही. कोणी मरत नसताना तेच काम तसंच करून दाखवायचं आणि ते नीट टिपायचं, ही कल्पना इथे पक्की झालेली दिसते. प्रशिक्षणाचे फोटो हे त्याच जातीचे. म्हणूनच मला ते वीजीच्या फोटोंपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात, जरी त्यांच्यातलं सगळं 'नाटक' असलं तरी.

आता गाडीकडे येऊ.

१९६० च्या आसपास तुम्ही अमेरिकेत गाडी ठोकलीत आणि आत अडकलात, तर तुम्हाला काढायला जे येतील त्यांच्या हातात पहार, कुऱ्हाड, साखळदंड, फार तर गोल पात्याची करवत. करवतीच्या ठिणग्या उडणार, खाली पेट्रोल सांडलेलं. पहारीने दार उचकटायचं तर अख्खी गाडी हलणार आणि आत तुमचं मोडलेलं हाडही. बरं, बाहेर काढल्यावर न्यायला येणार कोण? १९६६ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यात दिलंय की देशातली जवळजवळ निम्मी ॲम्ब्युलन्स सेवा अंत्यविधीचा धंदा करणारे लोक चालवत होते. कारण साधं होतं. आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. जिवंत राहिलात तर हॉस्पिटल, नाहीतर गाडी घरचीच. त्या अहवालानुसार १९६५ या एका वर्षात अमेरिकेत ४९ हजार माणसं मोटार अपघातांत गेली होती.

याच सुमारास दोन वेगवेगळे जॉर्ज-राल्फ कामाला लागलेले होते. राल्फ नेडरबद्दल तुम्ही ऐकलं असेल. १९६५ च्या त्याच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाने मोटार कंपन्यांना घाम फोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. तोवर टक्कर झाली की गाडीची दारं फटकन उघडायची आणि माणसं बाहेर फेकली जायची. म्हणून दाराची कडी मजबूत करायचे नियम आले. दाराच्या चौकटीत तुम्हाला जो जाड पोलादी खुंटा दिसतो, ज्याला कडी जाऊन अडकते, त्याला अमेरिकेतले बचाववाले आजही 'नेडर पिन' म्हणतात. शिव्या देताना म्हणतात की प्रेमाने, ते त्या दिवशीच्या दारावर अवलंबून असावं. :) कारण कडी मजबूत झाली, माणूस गाडीतच राहिला, जिवंत राहायची शक्यता वाढली... आणि दार जाम झालं. एक बग फिक्स केला की दुसरा उघडा पडतो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

दुसरा जॉर्ज हर्स्ट. हा पेनसिल्व्हेनियातला, गाड्यांचे गिअर शिफ्टर बनवणारा, शर्यतींच्या दुनियेतला माणूस. १९६१ मध्ये एका शर्यतीत त्याने अपघात पाहिला. जखमी ड्रायव्हरला गाडीतून काढायला तासापेक्षा जास्त वेळ लागला. हर्स्टचं डोकं त्या तासात अडकून पडलं. त्याने तेलाच्या दाबावर चालणारा जबडा बनवला. पंपाने तेल ढकलायचं, पिस्टन सरकतो, दोन पोलादी बाहू फाकतात किंवा मिटतात. ठिणगी नाही, हिसका नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आला, आधी रेसच्या ट्रॅकवर, मग अग्निशामक दलांकडे. लोक म्हणायचे की हे यंत्र माणसाला मृत्यूच्या जबड्यातून ओढून काढतं. ते ऐकून कंपनीतल्या माईक ब्रिक याने नाव उलटं फिरवलं, 'जॉज ऑफ लाइफ'. आजच्या अशा हत्यारांत तेलाचा दाब साधारण ७०० बार असतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ सातशेपट. हल्ली तर बॅटरीवर चालणारी आली आहेत, पाइप नाही, पंपाची घरघर नाही. फोटोत रस्सीसारख्या पाइपांचं जंजाळ दिसलं तर समजा की हत्यार जुनं.

बाल्टिमोरचा सर्जन आर. ॲडम्स काउली याने 'गोल्डन अवर'ची कल्पना रुजवली तीही याच काळात. जखमी माणूस पहिल्या तासात योग्य डॉक्टरच्या हातात पडला पाहिजे. साठ हा आकडा काटेकोर अभ्यासातून आला होता असं नाही, पुढे २००१ मध्ये काही डॉक्टरांनी मूळ शोधायचा प्रयत्न केला तेव्हा भक्कम पुरावा सापडला नाही. पण घोषवाक्य म्हणून त्याने काम केलं. मैदानावरच्या स्टॉपवॉचला अर्थ आला.

ब्रिटनमध्ये कायदा फार उशिरा जागा झाला. १९४७ च्या कायद्यात दलाचं बंधनकारक काम म्हणजे आग विझवणं. रस्त्यावरची माणसं ते तरीही काढायचेच, पण ते परवानगी असलेलं काम होतं, सक्तीचं नव्हे. २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्ते अपघातातल्या माणसांची सुटका हे दलाचं कर्तव्य ठरलं. तेव्हापासून सेवेच्या नावातच 'फायर अँड रेस्क्यू' आहे.

मी ऑनसाईट असताना, काही वर्षांपूर्वी, असाच एका छोट्या इंग्लिश गावातल्या फायर स्टेशनच्या ओपन डेला गेलो होतो. तिकडे हा प्रकार सर्रास असतो. सकाळी जवान धर्मादाय निधीसाठी लोकांच्या गाड्या धुऊन देतात आणि दुपारी त्याच अंगणात एक गाडी कापून दाखवतात. तीच माणसं, तोच उत्साह. आपली गाडी कुठल्या रांगेत लावतोय ते नीट बघावं एवढंच. :)

कापायची गाडी भंगारवाल्याकडून आणलेली होती, जुनी हॅचबॅक. ड्रायव्हरच्या जागी एक जवान 'जखमी' होऊन बसला. दोरी बांधून आवार आखलेलं, दोरीबाहेर आम्ही सगळे. कॅमेरेवाले आपोआप एका बाजूला गोळा झाले, जिकडे कात्री चालणार होती तिकडे. मी एका पांढऱ्या हेल्मेटवाल्या साहेबांना विचारून विरुद्ध बाजूला गेलो, लेन्स दोनशेची होती म्हणून लांबूनही जमत होतं. त्यांनी एकच अट घातली, डोळ्यांवर चष्मा आणि दोरीच्या आत पाऊल नाही. काचेचा भुगा दिसत नाही, पण उडतो.

पहिली पाच मिनिटं कोणीच काही कापलं नाही. हे मला फार आवडलं. एक जण गाडीभोवती चक्कर मारून खाली वाकून बघत होता. दोघांनी पायऱ्यापायऱ्यांचे ठोकळे चेसिसखाली सरकवले आणि टायरमधली हवा सोडली, की गाडी ठोकळ्यांवर बसते आणि डुलत नाही. एक जण मागच्या दाराने आत शिरला, मागच्या सीटवर बसला, आणि त्याने पुढच्या माणसाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मग पुढचा सगळा वेळ तो तिथेच होता. बॅटरीची तार सोडली, आधी निगेटिव्ह. एका ताडपत्रीवर सगळी हत्यारं मांडलेली, ऑपरेशन थिएटरसारखी. मग काचा. दाराची काच स्प्रिंगच्या टोच्याने फोडतात, 'फट्' असा अगदी बारका आवाज होतो आणि अख्ख्या काचेची क्षणात खडीसाखर होते. पुढची काच मात्र दोन थरांमध्ये प्लॅस्टिक असलेली, ती फुटत नाही, करवतीने कापावी लागते. आतल्या माणसावर आधी पारदर्शक चादर घालतात. ती पारदर्शक का, तर त्याला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्यांना त्याचा चेहरा.

फोटोच्या दृष्टीने एक तांत्रिक बाब. काच फुटण्याचा क्षण हजारांश सेकंदाच्या शटरनेसुद्धा नशिबानेच मिळतो, आणि कात्री मात्र इतकी संथ चालते की एकसाठांशला सुद्धा स्पष्ट येते. पात्यांमध्ये खांब येतो, दाबला जातो, 'कर्रर्र' करून कण्हतो, आणि मग एकदम 'ठण्'. सगळा जोर आवाजात. फोटोत आवाज येत नाही, म्हणून फोटोग्राफर जवळ जातो, रुंद लेन्स लावतो, कात्री अवाढव्य दिसते, जवान जबडा आवळतो. झाला फोटो! दारं गेली, खांब कापले, आणि चौघांनी मिळून टप उचलून बाजूला ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टप कापलेली गाडी हा या सगळ्या प्रकाराचा शिक्क्यासारखा फोटो आहे. कुठल्याही देशातल्या, कुठल्याही दलाचं माहितीपत्रक उघडा, तो असतोच.

टप का काढायचा? अपघातात मानेचा मणका मोडला असेल आणि माणसाला वाकवून-वळवून दारातून काढला, तर मज्जारज्जूला इजा होऊन तो कायमचा लुळा पडेल, ही भीती. म्हणून टप काढून, पाठीमागून फळी सरकवून, सरळ रेषेत वर ओढायचा. तर्क इतका स्वच्छ आहे की त्याला कोणी हरकत घेतली नाही. आणि फोटोत तर तो उठूनच दिसतो. सगळं काढून टाकलंय, मोकळं आभाळ, मधोमध अलगद उचललेला माणूस.

पण मापलं कोणी होतं? ब्रिटनमधल्या काही मंडळींनी शेवटी ते केलं. निरोगी स्वयंसेवकांच्या अंगावर सेन्सर लावले, त्यांना गाडीत बसवलं, आणि पॅरामेडिक व फायरमन यांच्या खऱ्याखुऱ्या टीमकडून त्यांना वेगवेगळ्या पद्धतींनी बाहेर काढलं. भोवताली वेगवान इन्फ्रारेड कॅमेरे, जे अंगावरच्या खुणांची हालचाल टिपतात. तुलनेसाठी एक साधी पद्धतही ठेवली होती. माणसाला शांतपणे सूचना द्यायच्या, "पाय बाहेर टाका, सीटला धरा, उभे राहा", आणि त्याला स्वतःहून उतरू द्यायचं. २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हे निकाल छापून आले. हत्यारं, फळ्या आणि सहा माणसं लावून काढलेल्या पद्धतींमध्ये मान स्वतःहून उतरण्याच्या तुलनेत चौपटीपर्यंत जास्त हलत होती.

हे वाचून मला मायब्रिजचे घोडे आठवले. १८७८ मध्ये त्याने पळत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले आणि चित्रकार शतकानुशतकं घोड्याचे पाय चुकीचे काढत होते हे सगळ्यांना दिसलं. तेव्हा घोड्याचं काही बिघडलं नव्हतं. इथे मात्र आत माणूस असतो.

पुढे टिम नटबीम या डॉक्टरच्या गटाने हाच धागा पकडला. आधी त्यांनी २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या जखमींच्या नोंदवहीतले साठ हजारांहून जास्त मोटार अपघाताचे रुग्ण चाळले. गाडीत अडकलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के दगावले होते, न अडकलेल्यांपैकी ५ टक्के. (अडकलेले मुळात जास्त जखमी असतात, तेव्हा सगळा दोष अडकण्यावर ढकलता येत नाही, हे ध्यानात ठेवा.) आणि ज्याच्या भीतीपोटी हा सगळा सोपस्कार, ती मज्जारज्जूची इजा? अडकलेल्या शंभर जणांमागे एकालाही नाही. मग २०२२ मध्ये त्यांनीही अंगावर सेन्सर लावून मोजमाप केलं. टप काढणं, बाजूचा खांब उचकटणं, झटकन दारातून काढणं आणि स्वतः उतरणं, अशा चार पद्धती. स्वतः उतरण्यात हालचाल सगळ्यात कमी आणि वेळही सगळ्यात कमी. उरलेल्या तिन्हींमध्ये फारसा फरक नाही! म्हणजे टप काढायची सगळी मेहनत केली तरी मणक्याच्या दृष्टीने पदरात विशेष काही पडत नाही, आणि तिकडे पोटात रक्तस्राव चालू असेल तर मिनिटं मात्र जातात.

अर्थात हे निरोगी माणसांवरचे प्रयोग होते. पाय डॅशबोर्डखाली चिरडलेला असेल, माणूस बेशुद्ध असेल, तर कात्री लागणारच, तिथे "उतरा हळूहळू" म्हणून भागत नाही. पण ब्रिटनमध्ये विचाराची दिशा बदलली. आधी विचारा, हा स्वतः उतरू शकतो का? शकत असेल तर दार उघडा आणि त्याच्याशी बोला. आता याचा फोटो काढा बघू! एक माणूस दुसऱ्याला गाडीतून उतरायला मदत करतोय. लग्नाच्या हॉलबाहेर दिसतो तसा. पन्नास वर्षांची अक्कल त्या फोटोत आहे आणि तो कुठलंही माहितीपत्रक छापणार नाही.

दुसरीकडे गाड्या मात्र कापायला अवघडच होत चालल्या आहेत. २००२ मध्ये आलेल्या व्होल्वो एक्ससी नाइन्टीत सांगाड्यात बोरॉन पोलाद होतं, आणि जुन्या कात्र्या त्यावर हात टेकू लागल्या. खांबांमध्ये एअरबॅगच्या गॅसची नळकांडी असतात, त्यावर पातं पडलं तर आफत. म्हणून आता आधी प्लॅस्टिकचं अस्तर सोलून आत डोकावतात आणि मग कापतात. इलेक्ट्रिक गाड्यांत जाड केशरी केबल दिसली की हात मागे. प्रत्येक मॉडेलचा नकाशा, कुठे कापावं, कुठे नाही, हे सांगणारं 'रेस्क्यू शीट' आता असतं, आणि २०२० पासून युरो एनकॅपचं त्यासाठी मोफत ॲपही आहे. डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय प्रॉडक्शनला हात लावू नये, हे तत्त्व इथेही. :)

आणि मैदानावर? मैदानावर अजून भंगारातली गाडी. भंगारात येणारी गाडी वीस-वीस वर्षं जुनी असते, म्हणजे जवान सराव करतो काल-परवाच्या पोलादावर आणि रस्त्यावर भेटतं आजचं. हे दुखणं ओळखून व्होल्वोने २०२० च्या नोव्हेंबरात दहा कोऱ्या करकरीत गाड्या क्रेनने तीस मीटर उंच नेल्या आणि खाली सोडून दिल्या, एकेक गाडी कित्येकदा, आणि तो चेंदामेंदा बचावपथकांना सरावाला दिला. हवेत नाकावर उभी असलेली नवी गाडी, असे ते फोटो जगभर फिरले. कंपनीने स्वतःची जाहिरात साधली हे खरंच आहे. पण त्या फोटोंनिमित्ताने सरावाच्या गाड्यांचं वय हा विषय पहिल्यांदाच सामान्य माणसापर्यंत पोचला, ते काही वाईट झालं नाही.

आपल्याकडे ही गोष्ट वर्तमानपत्रात एका ठरलेल्या ओळीत येते. गॅस कटरने पत्रा कापून काढलं, क्रेनची मदत घ्यावी लागली, वाहतूक इतके तास ठप्प. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, असा सरकारी आकडा आहे. फोटो मात्र भरपूर. अपघात झाला की दल पोचायच्या आधी मोबाइल पोचतात, आणि त्या फोटोंत वीजीचं कसब नसतं, फक्त त्याची घाई असते. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. म्हणजे मोबाइल खिशात घालून १०८ किंवा ११२ लावायला, आणि आतल्या माणसाशी नुसतं बोलत राहायला, आता कायद्याची आडकाठी नाही. माणूस अडकलेला असेल तर ओढाताण मात्र करू नका, गाडी पेटलेली नसेल तोवर.

ज्यांना कॅमेराच चालवायचा आहे त्यांच्यासाठी चांगली वेळ म्हणजे १४ ते २० एप्रिल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, आणि त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. (त्या स्फोटाचं चित्रण सुधीश घटक यांनी केलं होतं. लष्कराने ते जप्त केलं, काही भाग पुढे कधीतरी वार्तापटात दाखवला गेला.) या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी दलाची प्रात्यक्षिकं असतात. जाऊन रीतसर परवानगी विचारा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. कात्रीच्या बाजूला गर्दी असेल, ती तिथेच राहू द्या. तुम्ही फिरून दुसऱ्या बाजूला जा, जिथून मागच्या सीटवर बसून डोकं धरणारा आणि ज्याचं डोकं धरलंय तो, असे दोन्ही चेहरे एका चौकटीत येतात. मधे फुटक्या काचेची चौकट आणि ती चादर येते, त्यामुळे ऑटोफोकस गोंधळतो, मॅन्युअलवर टाका. आणि एप्रिल आहे, पाण्याची बाटली न्या.